संरक्षण खात्याचा हल्ला

परभणीत कॉम्प्युटर बिघडला की ते आधी गल्लीला कळतं आणि मग कॉम्प्युटरवाल्याला. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन येईपर्यंत निदान झालेलं असतं, औषध ठरलेलं असतं आणि कुणाचा तरी साडू असंच मशीन घेऊन कसा फसला होता, तेही चहाबरोबर सांगून झालेलं असतं.

माझा कॉम्प्युटर जुलै 2024 मध्ये बिघडला. बिघाडाला कारण झालं ते मी त्याच्या रक्षणासाठी विकत आणलेलं अँटिव्हायरस. तोवर त्याला काही धाड भरली नव्हती. लाइट गेली की बंद पडायचा, आली की चालू व्हायचा. लोकांचे पेनड्राइव्ह लावून लावून सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करणारा व्हायरस त्याला कधीच होऊन गेला होता आणि आम्ही दोघंही तो अंगावर काढून मोकळे झालो होतो. थोडक्यात, चोर येऊन जाऊन होते, पण घर चालू होतं.

जुलै महिन्यात आमच्या जिल्ह्यात कॉम्प्युटरला उसंत नसते. खरिपाचा पीकविमा त्या वर्षी एक रुपयात होता. शेवटची तारीख 15 जुलै होती, ती वाढून 31 जुलै झाली. त्यातच लाडक्या बहिणीचे अर्ज सुरू. सेवा केंद्रांपुढच्या रांगा रस्त्यावर आलेल्या. त्यामुळे मानवत, जिंतूरकडची आमची पाव्हणेमंडळी सातबारा, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स कापडी पिशवीत घालून थेट माझ्या घरी उतरायची. ‘दाजी रिटायर झालेत, त्यांना दिवसभर काय काम?’ हे त्यामागचं सूत्र. दाजींना काम नव्हतं हेही खरं.

अशात हिंजवडीचा मेहुणा सुटीवर आला आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहिला.

“दाजी, एवढ्या लोकांचे आधार न् खाते नंबर या मशीनवर. अँटिव्हायरस हाय का?”

“हाय की.”

“मुदत?”

मुदतीचं मला नीट माहीत होतं. ती संपल्याची लाल चिठ्ठी रोज सकाळी उजव्या कोपऱ्यात यायची आणि मी ती रोज सकाळी बंद करायचो. देवपूजेनंतरचं माझं ते पहिलं काम होतं. मेहुण्याने सुस्कारा सोडला आणि बहिणीकडे बघून म्हणाला, “ताई, एक दिवस पेन्शन जाईल सगळी.” पेन्शन हा शब्द आमच्या घरात जरा मोठ्याने ऐकू जातो. संध्याकाळी मी स्टेशन रोडवरून अँटिव्हायरसचा डबा घेऊन आलो. तीन वर्षांची मुदत, वर ढाल-तलवारीचं चित्र, किंमत हजाराच्या वर. पिकाचा विमा एक रुपयात आणि तो अर्ज भरणाऱ्या कॉम्प्युटरचा विमा एवढ्याला, हा हिशेब मी रस्त्यात करायला घेतला होता, पण वसमत रोडला लागेपर्यंत पाऊस आला.

डब्यात एक सीडी आणि एक कार्ड होतं. सीडीचा खण बरीच वर्षं उघडला नव्हता. तो साडीची पिन खुपसून उघडावा लागला. कार्डावर एक चंदेरी पट्टी होती, ती नाण्याने खरवडायची म्हणजे खाली गुप्त क्रमांक. मी खरवडली. चंदेरी रंगाबरोबर क्रमांकही थोडा निघाला. मग समिती बसली. सौ. भिंग घेऊन, शेजारची बारावीतली मुलगी मोबाइलचा टॉर्च धरून आणि मी कार्ड तिरपं करकरून.

“पाचवं आठ आहे.”

“आठ नाही, बी आहे. पोट बघा की.”

“बी ला डावीकडून पोट नसतं, काकू.”

“घासून घासून आलं असंल.”

शेवटी कार्डाने कुणाचं तरी ऐकलं आणि अँटिव्हायरस बसायला लागलं. वाटेत एक इंग्रजी करारनामा आला, त्याला आपण सगळे न वाचता मान्यता देतो, तशी दिली. पुढे त्याने विचारलं, या मशीनवर आधीचं एक संरक्षण आढळलं आहे, काढून टाकू का? माझ्या मनात आलं, मुदत संपली म्हणून काय झालं, म्हातारं माणूस आहे, असू दे घरात. मी ‘नको’वर टिचकी मारली.

पुढे काय झालं ते मला नंतर समजावून सांगण्यात आलं. अँटिव्हायरसचं काम म्हणजे कॉम्प्युटरमधली कुठलीही फाइल उघडली की ती आधी आपण तपासायची. नव्याने एक फाइल तपासायला उघडली. जुन्याच्या लक्षात आलं की कुणीतरी परकं फाइल उघडतंय, म्हणून त्याने ती तपासायला घेतली. नव्याला दिसलं की आपल्या हातातल्या फाइलीला दुसराच कुणीतरी हात घालतोय. त्याने जुन्यालाच तपासायला घेतलं. विंडोजचं स्वतःचं तिसरं संरक्षण असतं, दुसरं कुणी आलं की ते बाजूला होतं. ते बाजूला होऊन शांतपणे बघत होतं. हार्ड डिस्कचा घरघराट स्वयंपाकघरात ऐकू जायला लागला आणि मानवतच्या पाव्हण्यांचं सोयाबीन अर्जाच्या तिसऱ्या पानावर असताना स्क्रीन निळी पडली.

निळ्या स्क्रीनवर अपूर्णविराम आणि कंस मिळून केलेला एक रडका चेहरा असतो. तो बिल गेट्सच्या लोकांनी विंडोज 8 पासून घातला. त्याआधी नुसते आकडे यायचे, म्हणजे काय झालं ते कळायचं नाही. आता काय झालं ते कळत नाही आणि वर कुणीतरी रडतंय. खाली लिहिलेलं असतं की तुमच्या पीसीला अडचण आली आहे, आम्ही माहिती गोळा करतोय. शून्य टक्के, वीस टक्के, शंभर टक्के. माहिती पूर्ण गोळा होते, मशीन आपोआप बंद होतं, चालू होतं आणि पुन्हा निळं होऊन पुन्हा शून्यापासून माहिती गोळा करायला लागतं. इतकी माहिती गोळा करून कामाला न लागणारी यंत्रणा मी नोकरीत असताना पाहिली होती, पण ती निदान पाच वाजता घरी जायची.

गल्ली जमली. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी मीटरकडे बघून सांगितलं, “न्यूट्रल लूज हाय.” त्यांच्या मते जगातल्या सगळ्या दुःखाचं मूळ लूज न्यूट्रल आहे. समोरच्या कापडदुकानदारांनी कॅबिनेटला हात लावून ताप पाहिला आणि ‘गरम झालंय’ असं ठरवलं. लगेच कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावण्यात आला. फॅनच्या पहिल्याच झोतात टेबलावरचा सातबारा उडाला, थेट उघड्या कॅबिनेटमध्ये गेला आणि आतल्या छोट्या पंख्याने त्याचा एक कोपरा खाल्ला. नेमका गट नंबरचा. मानवतचे पाव्हणे म्हणाले, “जाऊ द्या दाजी, हाय ते वावर अजून जागंवर.” सौ.चं निदान वेगळं होतं. दसऱ्याला सगळ्या वस्तूंना झेंडू वाहिला, शिलाई मशीनला, स्कूटरला, गॅसच्या शेगडीलासुद्धा. कॉम्प्युटरचं फूल राहिलं होतं. तिला ते आठवत होतं, कारण तेव्हाच तिला वाटलं होतं.

बारावीतली मुलगी कोपऱ्यातून म्हणाली, “काका, बंद करून चालू करून बघा ना.”

सगळे हसले. एवढ्या मोठ्या बिघाडाला एवढा छोटा उपाय सुचवायचा म्हणजे पोरकटपणाच.

मी डब्यावरच्या मदत क्रमांकाला फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर एक अत्यंत गोड आवाज आला.

“बोला सर, मी आपली काय सेवा करू?”

“तुमचं अँटिव्हायरस टाकल्यापासून कॉम्प्युटर चालू होईना.”

“गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत सर. आपलं अँटिव्हायरस अपडेट आहे का?”

“ते बघायला कॉम्प्युटर चालू व्हावा लागेल ना?”

“अगदी बरोबर सर. तर आपण आधी कॉम्प्युटर चालू करा. आता खाली उजव्या कोपऱ्यात आमचं चिन्ह दिसतंय?”

“निळं दिसतंय सगळं.”

“चिन्ह निळं आहे का सर? आमचं हिरवं असतं. निळं म्हणजे दुसऱ्या कंपनीचं.”

अखेर त्याने माझी तक्रार नोंदवली, तिची लिंक ई-मेलवर पाठवली आणि ती कॉम्प्युटरवर उघडायला सांगितलं. फोन ठेवण्याआधी सेवेला 1 ते 5 पैकी गुण द्यायचे होते. सौ.ने माझ्या हातून फोन घेऊन 5 दाबलं. म्हणाली, पोरगं बिचारं किती नरमाईनं बोलत होतं.

अशा अवस्थेत 19 जुलै उजाडला. शुक्रवार होता. दुपारी कापडदुकानदार धापा टाकत आले, “सर, टीव्ही लावा! तुमचा रोग जगाला झालाय!”

लावला. आणि खरोखर, पडदाभर तोच निळा रंग, तोच रडका चेहरा. विमानतळांवर, बँकांत, दवाखान्यांत. क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकी कंपनीचं सुरक्षा सॉफ्टवेअर मोठमोठ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर बसवलेलं असतं. त्या सकाळी आपल्याकडे 9 वाजून 39 मिनिटं झाली असताना तिने त्याला एक छोटीशी सुधारणा पाठवली आणि ती पोहोचेल तिथे विंडोज धाडकन झोपलं. चूक लक्षात येऊन कंपनीने ती 78 मिनिटांत मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख मशीनं निळी झाली होती. हैदराबादला, म्हणजे आमच्या जुन्या राजधानीला, विमानतळावर इंडिगोने प्रवाशाच्या हातात पेनने लिहिलेला बोर्डिंग पास ठेवला. कंडक्टरचं मशीन बंद पडल्यावर आमच्या एसटीत जे होतं, तेच. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की देशातल्या दहाच बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. परभणीला विमानतळच नाही, त्यामुळे विमानसेवा सुरळीत होती.

त्या दुपारपासून माझी पत एकदम वाढली. कालपर्यंत ‘सरांना काही येत नाही’ म्हणणारे आता माझ्या निळ्या स्क्रीनकडे आदराने बघायला लागले. “आपल्याकडं चार दिस आधीच आलता,” हे वीज खात्यातल्या शेजाऱ्यांनी नाक्यावर जाहीर केलं. त्यांच्या आवाजात जिल्ह्याचा अभिमान होता. दुकानदारांनी मात्र मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “सर, तुमच्याहून तर नाही ना गेला?” माझ्या अँटिव्हायरसचा त्या कंपनीशी काडीचा संबंध नव्हता, पण आयुष्यात पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या जोडीला बसायची संधी आली होती. मी नुसतं म्हणालो, “सांगता येत नाही.”

पुढे कारण बाहेर आलं ते ऐकून मला फार बरं वाटलं. त्या सॉफ्टवेअरच्या एका भागात माहितीच्या 21 रकान्यांची सोय होती आणि प्रत्यक्षात त्याला रकाने मिळाले 20. पंगतीत वीस पानं मांडलेली आणि वाढपी एकविसाव्या पानावर भात वाढायला वाकला. पान नाही, पाट नाही, वाढपी तोंडावर. एवढंच झालं. पण हे सॉफ्टवेअर चोर सगळ्यात आधी दिसावा म्हणून विंडोजच्या अगदी आतल्या भागात बसवलेलं असतं. तिथे तो पडला की विंडोज सगळ्यांचाच जेवणाचा कार्यक्रम थांबवतं.

उपाय तर त्याहून गमतीचा. प्रत्येक मशीनसमोर माणसाने स्वतः जायचं, ते सेफ मोडमध्ये चालू करायचं आणि एक ठरावीक नावाची फाइल पुसून टाकायची. मशीनला कुलूप असेल तर आधी 48 आकडी किल्ली टाइप करायची. मी एका कार्डावरच्या आठ आणि बी मध्ये अडकलो होतो. इथे मोठमोठ्या कंपन्यांचे इंजिनिअर 48 आकडे चिठ्ठीवर घेऊन मजल्या-मजल्यावर फिरत होते. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या मशीनांसाठी अधिकृत सल्ला दिला तो असा: बंद करून चालू करा, नाही झालं तर पुन्हा करा, काही ग्राहकांना 15 वेळा करावं लागलं आहे. ही बातमी वाचल्यावर बारावीतली मुलगी आमच्या दारावरून जाताना मान जरा जास्तच ताठ ठेवायला लागली.

क्राउडस्ट्राइकने नंतर सोबत राबलेल्या भागीदार मंडळींना चहापाण्यासाठी दहा-दहा डॉलरची कुपनं पाठवली. लोकांनी ती एकदम वापरायला घेतली, तेव्हा कुपन देणाऱ्या ऊबरच्या यंत्रणेला वाटलं की हा काहीतरी घोटाळा चाललाय, आणि तिने ती बंद पाडली. सुरक्षेमुळे गाडी बंद पडली, तिच्या माफीचा चहाही सुरक्षेनेच सांडला. ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या हॅकरांच्या मेळाव्यात ‘सर्वांत भव्य अपयशा’चा पुरस्कार या कंपनीला मिळाला आणि तिचे अध्यक्ष तो घ्यायला स्वतः व्यासपीठावर गेले. हे मात्र मला मनापासून आवडलं. आमच्याकडे असे पुरस्कार कमावलेले पुष्कळ आहेत, घ्यायला कुणी येत नाही.

या धंद्यात हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. 21 एप्रिल 2010 ला मॅकअॅफीच्या अँटिव्हायरसने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस म्हणून धरली आणि हजारो मशीनं बंद-चालू, बंद-चालू करत बसली. तेव्हा मॅकअॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते जॉर्ज कुर्ट्झ. 2024 मध्ये क्राउडस्ट्राइकचे प्रमुख कोण? जॉर्ज कुर्ट्झ. 2015 मध्ये पांडा नावाच्या अँटिव्हायरसने आपल्याच फाइली चोर म्हणून कोंडून ठेवल्या. इतका प्रामाणिकपणा पोलिसांतही दिसत नाही. (मराठी माणसानेही या धंद्यात नाव काढलं आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी कॉम्प्युटरही दुरुस्त करायला घेतले, धाकट्या संजयने गिऱ्हाइकांच्या मशीनमधले व्हायरस काढायला प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून क्विक हील उभं राहिलं. माझा डबा त्यांचा नव्हता, हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुण्याहून पत्र यायचं.)

जग सावरलं. माझं मशीन निळंच. मग कॉम्प्युटरच्या दुकानातला पोरगा आला. आल्या आल्या त्याने जमलेल्या मंडळींना “जरा हवा येऊ द्या” म्हणून मागे सारलं, आतून रॅमची पट्टी उपसून काढली आणि खिशातून शाळेतलं पांढरं खोडरबर काढलं. पट्टीच्या कडेला सोनेरी दात असतात. ते त्याने एकेक करून, नखाने पकडून, एका दिशेने घासले, भुसा फुंकला, पट्टी खाचेत बसवून दोन्ही टोकांनी अंगठ्याने दाबली, तेव्हा दोन्हीकडच्या कड्या टक्‌कन लागल्या. बटण दाबलं. स्क्रीन निळी आली. आधीपेक्षा स्वच्छ निळी.

“रॅमचं नव्हतं काही,” तो म्हणाला.

“मग घासली का?”

“सवय हाय सर. घासल्याबिगर डोकं चालत नाही.” मग त्याने तो प्रश्न विचारला, ज्याला सगळा मराठवाडा घाबरतो. “फॉरमॅट मारू का?”

“सगळं जाईल?”

“सी ड्राइव्हचं जातंय. तुमचं कुठं ठेवलंय सगळं?”

माझं सगळं डेस्कटॉपवर होतं. मी काही बोललो नाही, पण माझ्याकडे बघून त्यालाच दया आली. त्याने मशीन चालू करायचं आणि ते पुरतं उठायच्या आत बटण दाबून बंद करायचं, असा प्रकार सुरू केला. तिसऱ्यांदा असं केलं की विंडोज हतबल होऊन स्वतःच विचारतं, दुरुस्ती करू का? मग त्यातल्या एका यादीतून दुसऱ्या यादीत जात चौथ्या क्रमांकावर सेफ मोड सापडतो. बोट 4 वर ठेवून पोरगा म्हणाला, “बघू, बनी तो बनी...” पुढचं म्हणायची गरज नव्हती. आम्ही आधीच परभणीत होतो.

काळा पडदा, मोठमोठी अक्षरं, पण निळं काही नव्हतं. सेफ मोडमध्ये दोन्ही अँटिव्हायरस जागी नसतात, तेवढ्यात त्याने आधी म्हातारं काढलं, मग नवं काढलं, मग दोघांचे उरलेसुरले अवशेष काढायची त्यांची-त्यांची हत्यारं चालवली. मशीन बंद करून चालू केलं. दाराशी उभ्या असलेल्या बारावीच्या मुलीने हे क्रियापद दोनदा मोठ्याने म्हणून दाखवलं. माझा डेस्कटॉप आला. सगळे अर्ज जागच्या जागी. सोयाबीन तिसऱ्या पानावर उभंच होतं.

“आता राखणीला काय?” मी विचारलं.

“विंडोजचं स्वतःचं हाय की, डिफेंडर. फुकट. अपडेट चालू ठिवा, अन् लोकाचे पेनड्राइव्ह जरा बघून लावा.”

“मग हे डबे घेतं कोण?”

“तुम्ही घेतलाव की,” तो म्हणाला, आणि पुढे थोडं विचारात पडून, “आमच्याकूनच.”

अर्ज 31 जुलैच्या आत गेले. पंख्याने खाल्लेल्या कागदाऐवजी नवा डिजिटल सातबारा काढावा लागला, त्याची फी पंधरा रुपये. एक रुपयाच्या विम्याला पंधराचा कागद लागला, हे पाव्हण्यांनी गावात सांगितलं. तो कागद पंख्याने खाल्ला होता हे सांगितलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आता 2025 पासून तो एक रुपयाचा विमाही राहिला नाही, शेतकऱ्याला आपला हिस्सा भरावा लागतो. मायक्रोसॉफ्टनेही त्या शुक्रवारनंतर बराच खल केला आणि इतर सुधारणांबरोबर विंडोज 11 मध्ये निळी स्क्रीन बदलून काळी केली. रडका चेहराही काढून टाकला. आता जे काही रडायचं ते मशीनच्या बाहेरच्यांनी.

माझ्या डब्याची मुदत मात्र जुलै 2027 पर्यंत शिल्लक आहे. कुणा वाचकाला हवा असेल तर वसमत रोडवर येऊन फुकट घेऊन जावा, सीडीसकट. आधीचं अँटिव्हायरस काढून मगच बसवा. आणि कार्डावरचं पाचवं अक्षर आठ आहे, बी नाही, सौ.ला विचारू नका.